शेगाव ते लोणार, जुन्या रस्त्यानं

लोणारला येणारा माणूस आता समृद्धी महामार्गानं येतो. मेहकरच्या बाजूला खाली उतरतो, विवराच्या काठावर उभं राहून फोटो काढतो आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा महामार्गाला लागतो. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 पासून मुंबई ते नागपूर पूर्ण खुला झाला आहे. त्यानं वेळ वाचतो, हे खरंच आहे. पण बुलढाणा जिल्हा पाहायचा असेल तर तो घाटाखालून घाटावर चढत पाहावा, असं माझं ठाम मत आहे. शेगाव, खामगाव, बोथ्याचा घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर आणि मग लोणार. दीडशे-एकशे साठ किलोमीटरांची ही वाट आहे, आणि ती घाईनं करण्यात काही अर्थ नाही.

गाडीत आम्ही तिघं होतो. चालवत होती ती भाची: पुण्यात वास्तुरचनाकार, जुन्या इमारती आणि पर्यटनाचे मार्ग हा तिच्या कामाचा विषय. शेजारी तिचे मामा: जन्म लोणारचा, घर मेहकरला, सगळी नोकरी कृषी सहायकाची, त्यामुळे घाटाखालची आणि घाटावरची वावरं पायांखालून गेलेली. मी मागं बसून ऐकत होतो. दोघांचं बोलणं माझ्या मतांसकट इथं देतो आहे. शेगावहून निघालो तेव्हा कार्तिक सरत आला होता. सोयाबीन निघून गेलेलं, तूर फुलावर, पऱ्हाटी वेचणीला आलेली, हरभरा नुकता मातीवर दिसू लागलेला.

भाची: मामा, हे बघा. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि इकडे सगळी काळी माती. मधे डोळ्यांना अडवणारं काही नाही. असा मोकळा मुलूख पुण्याच्या आसपास आता शोधून सापडत नाही. रस्त्याच्या कडेला थांबायला चार सावलीच्या जागा केल्या तरी लोक इथं मुद्दाम येतील.

मामा: येतील नं. पण त्याईले सांगशील का, हे मोकळं काऊन आहे ते? बागायत नाही म्हणून मोकळं आहे. ऊस नाही, केळी नाही, संत्र्याची बाग नाही. खारपाणपट्टा आहे हा पोरी. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पाणी पिकाले दिलं का वावर गेलं.

भाची: गेलं म्हणजे?

मामा: मीठ बसते. ही माती चिकण, काळी. खारं पाणी तिच्यात मुरलं का त्यातला सोडियम माती धरून ठेवते. माती फुगते, तिची छिद्रं बुजतात, पाणी खाली जात नाही. उन्हाळ्यात अशी कडक होते का वखर चालत नाही. म्हणून आमच्या घाटाखालचा शेतकरी पायाखाली पाणी असून आभाळाकडं पाहते.

हा मुलूख पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. हे खोरं म्हणजे सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामधली खचलेली जमीन, नदीच्या गाळानं भरून आलेली. त्या गाळात आणि त्याखालच्या पाण्यात क्षार साठले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या 3 जिल्ह्यांतली शेकडो गावं या पट्ट्यात येतात. तूर, हरभरा, कापूस, ज्वारी ही इथली पिकं, आणि सगळा भरवसा पावसाचा आणि मातीत धरून राहिलेल्या ओलीचा. इथून उत्तरेला, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ते भाकीत खरं मानायचं की नाही हा वेगळा प्रश्न. पण ते ऐकायला एवढी गर्दी का लोटते, हे या मुलखातून गेल्यावर समजतं.

भाचीनं गाडी बाजूला घेतली. धुऱ्यापलीकडं बाया कापूस वेचत होत्या. कमरेला ओटी बांधलेली, एका हातानं बोंड धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पाकळ्यांतून कापूस ओढून घ्यायचा, पाचोळा चिकटला असेल तर जागीच काढायचा, आणि ओटीत टाकायचा. बोटांच्या टोकांना बोंडाच्या सुकलेल्या टोकांचे ओरखडे. भाचीनं फोटो काढू का म्हणून विचारलं. त्यातली एक म्हणाली, काढा, पण गाडीत पाणी आहे का प्यायचं? आमच्याकडच्या दोन बाटल्या तिथंच संपल्या.

भाची: पाण्याचं हे मला पुण्यात बसून सुचलं नसतं, कबूल. पण मामा, तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ही जागा सुंदर आहे असं म्हटलं की लगेच तुम्ही मला इथली अडचण ऐकवता. लोक पाहायला आले, तर अडचणही त्यांना दिसेल. आलेच नाहीत तर काय दिसणार?

मामा: पाहाले आलेल्या माणसाले पाहाले जे ठेवलं तेच दिसते. तू बाक ठेवशील सातपुड्याकडं तोंड करून. माह्या हातात असतं तर मी शेततळ्याकडं तोंड करून ठेवला असता. पावसाचं पाणी अडवून वरच्या वर वापरलं तर खारपाणपट्ट्यात हरभऱ्याले एक ओलित देता येते. एक ओलित! त्यानं घरातलं वर्ष बदलते. त्या तळ्याले कोणी फोटोत घेत नाही.

इथं मी मामांच्या बाजूचा आहे. या पट्ट्यातलं शेततळं म्हणजे एक चौकोनी खड्डा, बाजूनं मातीचा भराव, त्यावर उगवलेलं गवत. पाहणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. पण खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गावांत ते गोडं पाणी आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यातली शेती समजून घ्यायची असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

खामगावात शिरताना भाची सावकाश झाली. जुन्या जिनिंगच्या भिंती, पत्र्याची उतरती छपरं, बंद फाटकं. तिच्या आवडीचा भाग हा.

भाची: इथं 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते, रेल्वेच्या उद्घाटनाला. जलंब ते खामगाव, जेमतेम 13 किलोमीटरची लाइन. व्हाइसरॉयनं एवढ्याशा फाट्यासाठी यावं, म्हणजे खामगावच्या कापसाची किंमत किती असेल! अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. या इमारतींमध्ये ती सगळी गोष्ट आहे. एका जिनिंगमध्ये संग्रहालय झालं तर ते देशात नाव काढेल.

मामा: गोष्ट पूर्ण सांग मग. कापूस न्याले त्याईनं रेल्वे आणली, अन् कापूस नेण्यापुरतीच आणली. खामगाव ते जालना रेल्वेची मागणी इंग्रजाच्या काळापासूनची आहे. सर्वे झाले, निवेदनं झाली, आंदोलनं झाली. घाटावरचा चिखलीचा माणूस आजही रेल्वे पाहाले खाली उतरते. माल बाहेर जाण्याचा रस्ता अन् माणसं जाण्यायेण्याचा रस्ता हे दोन वेगळे असतात, हे तुह्या संग्रहालयात लिहून ठेव.

भाची: लिहीन. पण त्यासाठी आधी इमारत तर उभी राहिली पाहिजे. तुम्ही सगळी तक्रार करत राहाल आणि तोवर छपरं पडतील.

हे तिचं बोलणं मामांना लागलं. ते थोडा वेळ गप्प होते. मला वाटतं, ती बरोबर होती. विदर्भात जुन्या जिनिंगच्या जागा ज्या वेगानं प्लॉट पाडून विकल्या जातात, तो वेग पाहिला तर कापसाच्या इतिहासाचं एकही दालन उरणार नाही. ज्या पिकानं या मुलखाचं अर्थकारण, राजकारण आणि शेतकऱ्याचं कर्ज सगळंच घडवलं, त्या पिकाची आठवण जपणारी एक वास्तू खामगावात हवी. आणि तिच्यात भाव कोण ठरवत होतं तेही सांगितलेलं हवं.

खामगावच्या पुढं जमीन उठू लागते. बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. साग, धावडा, पळस. रस्ता वळणावळणाचा, आणि खालचा पूर्णेचा पट्टा मागं वळून पाहिलं की दोन-तीन वळणांपुरताच दिसतो. 2019 साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला टी1सी1 नावाचा तरुण वाघ याच जंगलात येऊन थांबला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली: यवतमाळ, तेलंगणातलं आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला. ज्ञानगंगेत पोहोचेपर्यंत तो 1300 किलोमीटर चालला होता. ही वाट जंगलातून कमी आणि पऱ्हाटी-तुरीच्या वावरांतून जास्त गेली. दिवसा तो पिकात किंवा नाल्यात बसायचा आणि रात्री चालायचा. भाचीला या वाघाची गोष्ट पर्यटकांना सांगायला हवी होती. मामांचं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या वावरांतून तो गेला त्यांचीही ती गोष्ट आहे. यावर दोघांत फारसा वाद झाला नाही.

घाट संपला की हवा बदलते. घाटाखालचे लोक बुलढाण्याला थंड हवेचं गाव म्हणतात ते उगाच नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मामांनी दाखवली ती पाण्याची. बुलढाण्याच्या उत्तरेकडं पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांनी पूर्णेला, तिथून तापीला आणि अरबी समुद्राला जातो. दक्षिणेकडं पडलेला पैनगंगेत आणि खडकपूर्णेत जातो, त्या दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी गोदावरीला मिळतात आणि पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. एकाच तालुक्याच्या दोन वावरांवरचं पाणी दोन समुद्रांना.

मामा: अन् तिसरं पाणी कुठंच जात नाही. ते लोणारले आहे. ते पाहूच.

चिखलीच्या पुढं रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून घेतलेली रिकामी रानं आणि त्यांत मधेच एक टेकडी, अर्धी कापलेली. मुरूम काढून नेल्यावर उरलेला पिवळा-तांबडा कडा.

भाची: हे मात्र मला बघवत नाही. रस्ता करायचा म्हणून टेकडी खायची. अशा जखमा झाकल्या पाहिजेत, झाडं लावली पाहिजेत.

मामा: टेकडीचं तुह्यं बरोबर आहे. टेकडी कापली का ती गेलीच, तिथं पाणीबी थांबत नाही. पण सगळेच खड्डे सारखे नाहीत. ते पलीकडं पाह्य, तळं दिसून राह्यलं नं? तेही खोदलेलंच आहे. महामार्गासाठी मुरूम-माती पाहिजे होती. ती गावतलावातून, नाल्यातून, नदीच्या पात्रातून घ्यायची अन् त्यावरचं स्वामित्वधन माफ करायचं, असं ठरलं. ठेकेदाराले माती भेटली, गावाले फुकटात खोल तळं भेटलं. बुलढाणा पॅटर्न म्हणतात त्याले. देशभर नाव झालं.

भाची: म्हणजे तुमच्या मते खाणकाम चांगलं.

मामा: कुठं खोदलं त्यावर आहे. कागदावर मुरूम गौण खनिजच आहे, टेकडीतून काढ का तळ्यातून काढ. पण तळ्यात खोदलं तर विहिरीले पाणी येते. माह्या नोकरीत मी गाळ काढण्यासाठी किती अर्ज लिहिले असतील! पैसा नाही, हेच उत्तर. अन् रस्ता आला तर तोच गाळ आपल्या खर्चानं नेला लोकाईनं.

या मुद्द्यावर मला भाचीपेक्षा मामांची नजर जास्त उपयोगाची वाटते. खोदलेली जमीन पाहिली की आपण तिला जखम म्हणतो, आणि पुढं काही पाहत नाही. पाण्याच्या वाटेवरचा खड्डा आणि डोंगराच्या कुशीतला खड्डा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आणि रस्त्यांची कामं मोठी, तिथं प्रत्येक मुरमाची खाण परवानगी देतानाच पाण्याच्या जागी आखली जायला हवी. त्या कापलेल्या टेकड्या इथं उभ्या आहेत, म्हणजे नियम चांगला असूनही तो सगळीकडं पोहोचला नाही.

मेहकर मागं टाकून सुलतानपूरला वळलो. समृद्धी महामार्गाचा भराव शेतांच्या वरून गेलेला दिसला. त्याच्यावरून गाड्या सुसाट जात होत्या आणि त्याखालच्या बोगद्यातून एक बंडी तुरीच्या वावराकडं निघाली होती.

लोणारच्या काठावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा कोणीच बोलत नाही. 1.8 किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा, कडेनं झाडी, आणि तळाशी हिरवट पाण्याची तबकडी. अग्निजन्य बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेली आणि एवढी नीट टिकलेली विवरं जगात फार थोडी, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ इथं येतात. वयाबद्दल अजून एकमत नाही. एका मोजणीनं 52 हजार वर्षं, दुसरीनं साडेपाच लाखांहून जास्त. या तळ्याला बाहेर जायला वाट नाही. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी बेसाल्टमधला सोडियम घेऊन येतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. हेच मामांचं तिसरं पाणी.

खाली उतरताना वाटाड्या पोरानं हळद लावलेला कागद पाण्यात बुडवून दाखवला. कागद लालभडक झाला. आम्ही काठावर बसलो तेव्हा पाण्याचा कुजका वास येत होता.

मामा: ह्या काठावर माणसं कामाले होती. उन्हाळ्यात पाणी आटलं का काठावर खार धरे. तो गोळा कराचा, वाळवाचा, निवडाचा, बाहेर न्याचा. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याची नावं. साबणाले, कापड रंगवाले, काचेले जाये तो. आमच्या घरी आजी उडदाच्या पापडाले लोणारचाच खार वापरे. खार अन् मीठ पाण्यात उकळून गाळून घ्याचं, त्या पाण्यात पीठ भिजवाचं, अन् पाट्यावर तेल लावून कुटाचं. पापड फुलला नाही तर म्हणे खार खोटा आला. आता येणाऱ्या कोणाले माहीत आहे का, का हे तळं म्हणजे खाण होती?

मामांच्या बोलण्याला आधार आहे. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत मेहकरच्या सरकारातलं हे तळं येतं, आणि काच व साबण करायला लागणारं द्रव्य इथं मिळतं, त्यातून सरकारला चांगला महसूल होतो, असं तिथं नोंदलं आहे. म्हणजे किमान 400 वर्षांपूर्वी हा धंदा भरात होता. 1912 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी या सोड्यावर टिपण लिहिलं. पण तोवर काळ फिरला होता. बेल्जियमच्या एर्नेस्ट सोल्व्हे यांनी 1861 साली मिठापासून सोडा करण्याची रीत बसवली, कारखान्यातला स्वस्त सोडा जगभर पोहोचला आणि नैसर्गिक खाराला गिऱ्हाईक उरलं नाही. 1939 साली गुजरातच्या मिठापूरला टाटांचा कारखाना आला. लोणारचा खार पापडापुरता राहिला आणि मग तोही गेला.

भाची: मामा, ही माहिती मलाही नव्हती, आणि ती इथं मोठ्या अक्षरांत असायला हवी. पण तुम्हाला तो धंदा परत हवा आहे का?

मामा: नाही. धंदा परत येत नाही. पण विवरात शेती होती, ती तर चालू शकली असती. झऱ्याच्या धारेवर केळी होती, मका होता. लोकाईले उठवलं अन् आत आली वेडी बाभूळ. शेतकरी गेला अन् बाभूळ राह्यली, हे कोणतं संरक्षण?

भाची: बाभळीचं तुमचं म्हणणं वनखात्यालाही मान्य आहे, ती काढण्याचं काम झालंय. पण शेतीचं नाही. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. यात जे सूक्ष्मजीव जगतात ते दुसरीकडे क्वचित सापडतात. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, आठवतं? पाणी कमी झालं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्किया गटातल्या जिवांनी रंग दिला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातली दुसरी जागा. अशा पाण्याच्या काठावर युरिया टाकायचा? फवारणी करायची? ते सगळं तळ्यातच उतरणार, कारण बाहेर जायला वाटच नाही. हे तुम्हीच सांगितलंत मला.

मामा: गावाचं सांडपाणीबी उतरलंच की वर्षानुवर्षं.

भाची: उतरलं, आणि ते थांबवायचं म्हणून लोक हायकोर्टात गेले. एक चूक झाली म्हणून दुसरीला परवानगी मागायची का?

मामा या वेळी लगेच बोलले नाहीत. कृषी सहायक म्हणून आयुष्यभर खतं आणि औषधं वाटलेला माणूस तो. त्यानं काय उत्तर द्यावं? शेवटी म्हणाले, "युरियाचं तू खरं बोलली."

माझं मत इथं पूर्णपणे भाचीच्या बाजूचं आहे. बंदिस्त पाण्याच्या काठावर आजची रासायनिक शेती चालू ठेवणं हा गुन्हाच झाला असता. अलीकडं तळ्याची पातळी चढून पाणी कमळजादेवीच्या देवळाला भिडलं, त्यावरून गावात काळजी आहे. खारं पाणी पातळ होत गेलं तर ते जीव तगणार नाहीत. गोड पाणी नेमकं कुठून आणि किती येतं याचा हिशेब लावणं हे आज शेतीच्या आठवणीपेक्षा जास्त निकडीचं काम आहे.

भाची: मग तुम्हाला हवंय काय, नेमकं सांगा. मी माझ्या अहवालात लिहिते.

मामा: लिही. इथं येणाऱ्या माणसाले उल्का, देऊळ, पक्षी, सगळं सांगतात. खार काढणाऱ्याईचं सांगत नाहीत. ते सांगा. ह्या पोरासारखे जे वाट दाखवतात त्याईले शिकवा, ओळखपत्र द्या, पगार द्या. प्रवेशाच्या पैशातला वाटा गावाले येऊ द्या. अन् लोणार एकटं दाखवू नका. खारपाणपट्टा अन् लोणार हे एकाच जिल्ह्यातलं मीठ आहे. एक मीठ शास्त्रज्ञ पाहाले येतात, दुसऱ्या मिठावर शेतकरी जगते. दोन्ही एका रस्त्यावर आहेत.

भाची: हे लिहिते. आणि खामगावच्या जिनिंगचंही लिहिते, तुम्ही कितीही तक्रार केलीत तरी.

मामा: ते तर लिहीच.

त्या दोघांचं एकमत होईल अशी माझी अपेक्षा नव्हती. ते झालंही नाही. परतीच्या वाटेवर सुलतानपूरपर्यंत ते केळीच्या बागेवरून पुन्हा भांडत होते. पण मामांनी शेवटी जे मागितलं त्यात अवघड असं काहीच नाही. जिल्हा नियोजनातून चार फलक, वाटाड्यांचं प्रशिक्षण आणि खारपाणपट्ट्यात एखाद्या शेततळ्याजवळ थांबा, एवढं या वर्षातही होऊ शकतं. ज्या जिल्ह्यानं महामार्गाच्या मुरमातून तळी करून दाखवली, त्याला एवढं जड नाही.

तुम्ही लोणारला निघाला असाल तर एक दिवस जास्त काढा. शेगावला गाडीतून उतरा आणि तिथून घाटावर या. गाडीत प्यायचं पाणी जरा जास्तीचं ठेवा, खारपाणपट्ट्यात कोणीतरी मागेल. लोणारला मुक्काम करा, विवरात उतरताना गावातला वाटाड्या सोबत घ्या, त्याचे पैसे पूर्ण द्या, आणि त्याला खाराबद्दल विचारा.